आप्पांच्या विहिरीवरचा ऑटो

माझं पोट वीज जाण्यावर भरतं. गेली, आली, लुकलुकली, मंद झाली, की बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीतून नाहीतर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून फोन येतो आणि मी मोटरसायकलला किक मारतो. लोक वीजखात्याला शिव्या देतात, मी देत नाही. अन्नदात्याला कोण शिव्या देतं?

मी ड्राइव्ह दुरुस्त करतो. ड्राइव्ह म्हणजे मोटरीच्या आधी बसवलेली एक पेटी. मोटर हळू सुरू करायची, हवी तेवढी पळवायची, हळू थांबवायची, हे तिचं काम. मोटर स्वभावाने दणकट असते. व्होल्टेज कमी झालं तरी ती कुंथत, घरघरत ओढत राहते. ड्राइव्हची प्रकृती मात्र नाजूक. व्होल्टेज जरा खाली आलं की तो सरळ हात वर करतो आणि बंद पडतो. मग कुणीतरी जाऊन बटण दाबायचं, तेव्हा स्वारी पुन्हा सुरू. वीज हलली तरी ड्राइव्ह पडू द्यायचा नाही, ही माझी विद्या. ह्या विद्येचा मला बराच गर्व होता. होता असं म्हणतो, कारण आता त्यातला फारसा उरलेला नाही.

निपाणीत एका वखारीत तंबाखू चाळायच्या यंत्रावर मोठा पंखा होता. वीज नुसती चमकली तरी पंख्याचा ड्राइव्ह बंद, आणि पंखा बंद झाला की आतल्या बायका शिंकून शिंकून बेजार. फिरत्या पंख्यात जोर साठलेला असतो. वीज पापणी लवण्याइतका वेळ गेली तर ड्राइव्हने त्या जोरावरच तग धरायचा, अशी एक सोय त्याच्यात असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. मी ती करून दिली. वखारीचे मालक जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यांनी मलाही आग्रहाने उन्हं असतानाच जेवायला बसवलं आणि आपल्या माणसांना कन्नडमधून सांगितलं की ह्यांनी हात लावला म्हणजे काम झालं. मला कन्नड कळतं हे त्यांना ठाऊक होतं. मीही न कळल्याचं सोंग करून दुसरी पोळी घेतली.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या पुढं. भात, रताळी, थोडा ऊस. मी नोकरीधंद्यासाठी शहरात बिऱ्हाड केलं, आप्पा आणि आई गावातच राहिले. आप्पा म्हणजे माझे वडील. ओढ्याच्या कडेला आमची विहीर आणि तिच्यावर आप्पांची जुनी, अवजड मोटर. तिचा स्टार्टर हँडलचा होता. लोखंडी पेटी, आत तेल, बाहेर मुठीएवढं हँडल. हँडल आधी एका बाजूला ढकलायचं, मग मोटर हळू गुरगुरत उठायची. तिचा आवाज भरला की एका झटक्यात दुसऱ्या बाजूला ओढायचं. असं दोन टप्प्यांत सुरू केलं की ती लाईनवरची वीज एकदम ओरबाडत नाही. कधी ओढायचं हे आप्पा कानाने ठरवत. मला लहानपणी त्यांनीच ते शिकवलं होतं आणि चुकलं की डोक्यात टपलीही बसायची.

पुढे आप्पांचे गुडघे गेले. शेतीच्या लाईनला थ्री फेज, म्हणजे मोटर चालण्याजोगी पुरी वीज, येते ती भल्या पहाटे, आणि ओढ्याची वाट म्हणजे गवत, चिखल, जनावराची भीती. मी शिकलेला मुलगा. मी त्यांच्या मोटरीला ऑटो बसवला. आमच्याकडे ऑटो म्हटलं की आधी रिक्षा आठवते, पण शेतात ऑटो म्हणजे थ्री फेज आली की मोटर आपोआप चालू करणारी डबी. लाईटवाले म्हणतात, बसवू नका, सगळ्या मोटारी एकदम उठतात. शेतकरी म्हणतात, व्हय व्हय, आणि बसवतात. शिवारात ऑटो नसलेली विहीर शोधावी लागेल.

आता ऑटोला हँडल ओढता येत नाही. म्हणून मी तो जुना स्टार्टर काढून गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात बांधून टाकला आणि बटणाचा साधा स्टार्टर लावला. त्याने मोटर एका दमात उठते, टप्पे नाहीत. वर मी आणखी एक शहाणपणा केला. थ्री फेज आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटारी उठतात, त्यात आपलीही नको, म्हणून आमच्या ऑटोला थोडा उशीर लावून दिला. गर्दी ओसरली की मग आपली मोटर उठेल. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आप्पांना त्याहून जास्त. देवळाच्या कट्ट्यावर, दूध घालायला गेल्यावर, सोयऱ्याधायऱ्यांत ते सांगत सुटले, "माझ्या पोरानं बसवलंय. मी अंथरुणात आणि पाणी पाटात!"

ह्यानंतर पंचायतीने ओढ्याकाठी, आमच्या विहिरीच्या अंमळ वर, गावच्या नळासाठी नवा पंप बसवला. वीज त्याच टीसीवरून, म्हणजे आमच्या शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरवरून. पूर्वीचा पंप धाडकन सुरू व्हायचा आणि चढावरच्या पाइपाचे जोड निखळायचे, म्हणून ह्या पंपाला ड्राइव्ह घेतला. गावची टाकी गळकी, त्यामुळे पाणी थेट नळाला सोडायचं. ते काम वॉटरमनचं. थ्री फेज आली की त्याने पंप चालू करायचा आणि सायकलवरून गावात येऊन गल्लीगल्लीचे वॉल्व्ह फिरवायचे.

आणि नळ जायला लागला. रोज. पाणी यायचं, बायका कळशी लावायच्या, कळशी अर्धी भरते न भरते तोच धार बारीक व्हायची आणि थांबायची. मग वॉटरमन सायकल हाणत ओढ्याला, बटण दाबून परत गावात. तोवर निम्म्या बायका कामावर निघून गेलेल्या आणि उरलेल्या त्याची वाट बघत उभ्या, तोंडं सोडून.

पंचायतीच्या अध्यक्षांनी मला फोन केला. "गावात एवढा मोठा माणूस असताना आम्ही भायेरनं कुणाला बोलवायचं?" म्हणाले. मी फुगलो. रविवारी सकाळी न्याहारी वगैरे उरकून, लॅपटॉप पाठीला लावून गावात आलो.

वॉटरमन शाळेत मला एक वर्ग पुढे. पावसाळ्यात ओढा भरला की माझं दप्तर डोक्यावर आणि मला पाठीवर घेऊन तो पार करायचा, आणि मध्यावर गेल्यावर "सोडू का रं, सोडू का?" करून मला रडवायचा. आता तो मला साहेब म्हणतो. कधीपासून म्हणायला लागला ते मला आठवत नाही, आणि मी कधी त्याला नको म्हटलं नाही हे मात्र चांगलं आठवतं.

"मी चालू करून जातो साहेब," तो म्हणाला. "वॉल्व्ह फिरवस्तोवर हे बंद. परत येऊन बटण दाबलं की दिवसभर काय न्हाय."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदा पडतो आणि मग दिवसभर पडत नाही, म्हणजे पहाटे एकदाच काहीतरी होतं. पण मी तोवर लॅपटॉप उघडला होता, आणि लॅपटॉप उघडला की मला माणसांचं ऐकू येत नाही. ड्राइव्ह पडण्याचं कारण पडद्यावर होतंच, व्होल्टेज कमी. मी निपाणीची युक्ती केली. तग धरायची सोय चालू केली, पंप पाच-सहा वेळा चालूबंद करून दाखवला. अध्यक्ष खूश. दिवस चांगला वर आला होता आणि शेजारी आमच्या पाटातून पाणी झुळझुळत होतं. आप्पांची मोटर केव्हाच सुरू होऊन बसली होती. मला त्या पाण्याचा आवाज गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ पुन्हा गेला.

मी पुढच्या रविवारी पुन्हा आलो, तसाच न्याहारी करून. ह्या वेळी पंपाच्या खोलीसमोर गर्दी होती. अध्यक्ष, दोन मेंबर, पाण्यासाठी भांडून दमलेल्या बायका, आणि रविवार म्हणून रिकामे असलेले सगळे. एवढ्या माणसांसमोर मला सांगता येईना की मला कळत नाही. वीस माणसं बघत असली की माहीत नाही हे शब्द माझ्या तोंडातून कधीच निघत नाहीत, हा माझा जुना रोग आहे. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "मशीन ठणठणीत आहे. शेतीच्या लाईनवर असं होतंच. कुणीतरी शेजारी थांबून बटण दाबायला पाहिजे. माणूस जागा पाहिजे."

कुणीतरी खुसकन हसलं. एक बाई म्हणाली, "तेच म्हंतो आम्ही. ह्यो झोपतोय जाऊन कुठंतरी."

वॉटरमन स्वतःच्या चपलांकडे बघत उभा होता. वॉल्व्ह गावात आणि बटण ओढ्यावर, एक माणूस दोन्हीकडे कसा थांबणार, एवढं तो विचारू शकला असता. ते कुठल्याही पोराला सुचलं असतं. पण साहेबाला उलट कसं बोलायचं म्हणून असेल, तो एवढंच म्हणाला, "मी झोपत न्हाय साहेब."

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला की येत्या सोमवारी देवळात सभा ठेवली आहे. वॉटरमनला काढून दुसरा घ्यायचं ठरतंय. तुम्ही फक्त येऊन मशीन बरोबर आहे एवढं सांगा, म्हणजे मागनं कुणाची तक्रार नको. त्याचं घर ह्या कामावर चालतं, शेत म्हणावं असं त्याला नाही, हे मला माहीत होतं. मी येतो म्हणालो.

रविवारी मुक्कामालाच गावी गेलो. आणि सोमवारी पहाटे, आयुष्यात पहिल्यांदा, थ्री फेजच्या आधी ओढ्यावर जाऊन बसलो. पाण्याची काळजी म्हणून नव्हे. त्याला झोपलेला पकडायला. सभेत सांगायला काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं असं मला वाटत होतं, कारण त्याचं ते "झोपत न्हाय" माझ्या कानातून जात नव्हतं.

आमच्या बांधावरून पंचायतीचा पंप आणि आमची विहीर दोन्ही दिसतात. मी बांधावर बसलो. झुंजुमुंजु होत होतं. वॉटरमन माझ्या आधी आलेला होता. पंपाच्या खोलीच्या पायरीवर, कानाला मफलर बांधून, सायकल भिंतीला टेकवून तो बसला होता. टक्क जागा.

थ्री फेज आली. शिवारभर मोटारी उठल्या. तो आत गेला, सगळा गलका शांत होईपर्यंत थांबला आणि मग पंप चालू केला. ड्राइव्हचा बारीक सूर वर चढत गेला. बाहेर येऊन त्याने पाइपावर तळवा ठेवला, पाणी चढलंय ह्याची खात्री केली आणि सायकलवर टांग मारून गावाकडे गेला. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मी नाव ठेवायला आलो होतो.

तो चढावरून दिसेनासा झाला, गावात वॉल्व्हपाशी पोचला असेल तोच माझ्या पाठीमागे, आमच्या विहिरीवर, खट्ट झालं.

आप्पांची मोटर एकदम हुंकारली. पंपाच्या खोलीवरचा दिवा लाल झाला, पार निखाऱ्यासारखा, आणि तसाच राहिला. पापणी लवण्यापुरता नव्हे. म्हातारी मोटर, लांबची तार, एका दमात उठायला तिला वेळ लागत होता आणि तेवढा वेळ ती सगळ्या टीसीची वीज पीत होती. माझ्या निपाणीच्या युक्तीचा दम तेवढा नव्हता. ड्राइव्हचा सूर खाली खाली आला आणि बंद पडला. मग दिवा उजळला. आमच्या पाटात पाणी पडायला लागलं.

मी उभा राहिलो आणि पुन्हा खाली बसलो. हँडलचा स्टार्टर काढणारा मी. एका दमात मोटर उठवणारा मी. गर्दी टळावी म्हणून उशीर लावणारा मी, आणि तो उशीर असा नेमका की वॉटरमन वॉल्व्हवर पोचावा आणि तेव्हाच इकडे आमची मोटर उठावी. मुद्दाम वैर साधायचं ठरवलं असतं तरी मला इतकं बेमालूम जमलं नसतं. त्या थंडीत माझे कान तापले. लाज वाटणं म्हणजे काय ते मला तोवर ऐकून माहीत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तो परत आला. धापा टाकत, सायकल तशीच आडवी टाकून आत गेला, बटण दाबलं, बाहेर आला, आणि त्याला मी बांधावर दिसलो. त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"बघितलासा न्हवं साहेब?" तो म्हणाला. "मी झोपलो न्हवतो. आज सभेत सांगा तेवढं."

मी म्हणालो, "व्हय." एवढंच निघालं. तो पुन्हा सायकलवर बसून गेला.

घरी आलो तेव्हा आप्पा दारात चहाची बशी घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पाटात पाणी आलं की नळ जातोय. तुझ्या आईच्याच ध्यानात आलं पहिल्यांदा."

मी भडकलो. स्वतःवर भडकायचं सोडून म्हाताऱ्यावर भडकलो. "मग बोलला का नाहीत? मी दोन रविवार तिथं तमाशा करत होतो ना!"

आप्पा माझ्याकडे बघेनात. अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाले, "गावभर सांगितलंय मी, पोरानं बसवलंय म्हणून. आता त्येच गावाचं पाणी तोडतंय, हे कुठल्या तोंडानं सांगू? लाज वाटाय लागली. आणि गुडघं हे असलं. ऑटो काढला तर मोटर चालू कराय जायाचं कुणी?"

मग मी त्यांना माझा बेत सांगितला. आज सभा होऊन जाऊ दे. मी जरा गोलमोल बोलतो. दुपारी ऑटोचा उशीर बदलतो, उद्यापासून नळ जाणार नाही. वॉटरमनला मी सांगून सावरून घेतो, एक संधी द्या म्हणतो. कुणाचं नाव यायला नको. मला तो बेत सभ्य वाटला. आप्पा आत गेले आणि धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले. ते सभेला येतील असं मला वाटलं नव्हतं.

देवळाचा सभामंडप भरला होता. वॉटरमन दरवाजाशी उभा होता, बसायला सांगूनही बसला नव्हता. त्याची बायको बायकांच्यात, खांबाच्या आड. अध्यक्षांनी नमनाला घडाभर तेल घातलं आणि माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही तज्ज्ञ. मशीन बरोबर हाय का न्हाय, एवढंच सांगा."

मी उठलो. वॉटरमन माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. पहाटे मी पाहिलं होतं ना.

"त्याचं असं आहे," मी सुरू केलं, "की ह्या लाईनवर लोडचा प्रश्न आहे. व्होल्टेजमध्ये चढउतार होतात. आता ते कशामुळे, तर त्याला बरीच कारणं असू शकतात..."

मी बोलत राहिलो. लोड, फेज, टीसीची क्षमता. माझंच बोलणं मला लांबून ऐकू येत होतं. कुणाला काही कळत नव्हतं आणि कळू नये म्हणूनच मी बोलत होतो.

मागच्या खांबापाशी काठी वाजली. आप्पा उठत होते. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले.

"व्होल्टेज-बिल्टेज काय न्हाय," आप्पा म्हणाले. "माझी मोटर हाय. माझी मोटर उठली की गावाचा पंप पडतोय. ह्या माणसाचा काय गुन्हा न्हाय. त्याला काढू नगा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्याया लागलाय तुम्ही."

बायकांच्या बाजूने एक म्हातारी ठसक्यात म्हणाली, "अगं बया! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि सगळा मंडप हसला. हसण्यासारखंच होतं ते. दोन रविवार लॅपटॉप घेऊन मी गावाची वीज तपासत होतो आणि चोर माझ्याच विहिरीवर होता.

एक मेंबर हसत म्हणाला, "पण आप्पा, ऑटो बसवला कुणी तुमच्या मोटरीला?"

"मीच बसवून घेतला," आप्पा म्हणाले. "माझं गुडघं दुखत्यात म्हणून मी मागं लागलतो."

इतकी वर्षं कट्ट्यावर बसून ज्यांनी आप्पांच्या तोंडून "माझ्या पोरानं, माझ्या पोरानं" ऐकलं होतं, ती सगळी माणसं तिथे बसली होती. एकही आप्पांना खोटं ठरवायला पुढे आला नाही. त्यांनी फक्त माना वळवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून उभाच होतो. बसायचं मला सुचलं नव्हतं.

"मी बसवला," मी म्हणालो. पण तोवर गलका सुरू झाला होता, अध्यक्ष पुढच्या विषयाला हात घालत होते, गळक्या टाकीच्या. माझं वाक्य बहुतेक कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी त्यात कुणाला नवीन काही नव्हतं.

बाहेर पडताना वॉटरमनने आप्पांना हात दिला, पायऱ्या उतरवल्या. माझ्याशी तो बोलला नाही. मीही त्याच्या जवळ गेलो नाही. जाऊन काय म्हणणार होतो?

दुपारी आप्पांनी मला माळ्यावर चढवलं. पोतं खाली काढलं. हँडलच्या स्टार्टरवर कोळ्यांनी संसार मांडला होता. तो पुसताना मी म्हणालो, "आप्पा, मी बेळगावातून चांगला नवीन स्टार्टर आणतो. मोटर हळूही उठेल आणि ऑटोवरही चालेल. हल्ली मिळतात तसले."

"नगं," आप्पा म्हणाले. "आता तुझं यंत्र नगं."

आवाज चढवून नाही म्हणाले. नुसतं, भाजी नको म्हणावं तसं म्हणाले. मला मात्र ते सभेतल्या हसण्याहून जास्त लागलं. मी खाली मान घालून विहिरीवर गेलो, ऑटोची डबी सोडवली, जुना स्टार्टर जोडला, तेल भरलं. काम करताना मनात एकच घोळत होतं, रोज पहाटे हे हँडल ओढणार कोण? उद्या उजाडलं की मी पुन्हा बेळगावात, निपाणीत, कुठेतरी असणार. कुणी माणूस ठेवतो असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पहाटे कोण येतंय रं असलं काम कराया?"

दुसऱ्या दिवशी पहाटे काठीचा आवाज आला म्हणून मी जागा झालो. आप्पा निघाले होते. मी अंगावर शाल ओढून मागे धावलो. धरू का म्हटलं तर त्यांनी हात झटकला. चिखलातून, गवतातून, एकेक पाऊल चाचपत ते ओढ्याकडे चालले आणि मी त्यांच्या मागे. एवढ्या वर्षांत मी त्यांना ह्या वाटेवर चालताना पाहिलंच नव्हतं. ऑटो बसवून मी मोकळा झालो होतो.

थ्री फेज आधीच आली होती. पंचायतीचा पंप चालू होता. आमच्या विहिरीवरच्या खोपीच्या दाराशी सायकल उभी होती.

वॉटरमन आत होता. "आप्पा, तुम्ही कशाला आलासा?" तो म्हणाला. "मी वॉल्व्ह सोडून परत पंप बघाया येतोच की. जाता जाता ह्ये हँडल ओढायला काय लागतंय मला?"

आप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले. त्याने हँडल ढकललं. मोटर गुरगुरली. तो मान तिरकी करून ऐकत राहिला, आप्पाही मान तिरकी करून ऐकत राहिले. मग आप्पांनी हळूच मान हलवली आणि त्याच क्षणी त्याने हँडल ओढलं.

वर पंपाच्या खोलीवरचा दिवा जरासा मिणमिणला. ड्राइव्हचा सूर किंचित उतरला, लोंबकळला, आणि पुन्हा वर चढला. पडला नाही. गावात नळाला पाणी चालू राहिलं असणार. माझी निपाणीची युक्ती पहिल्यांदाच कामाला आली होती, पण ते कुणाला सांगायची मला इच्छा झाली नाही.

वॉटरमनने हात पुसले, सायकल घेतली. माझ्या शेजारून जाताना थांबला. माझा चेहरा कसा दिसत होता कुणास ठाऊक. शाळेत असताना ओढ्याच्या मध्यावर मी रडायला लागलो की तो असंच बघायचा, आता पुरे म्हणून.

"तू कशाला उठलास रं थंडीचं?" तो म्हणाला. "जा, झोप निवांत. मी हाय की."

तेव्हापासून बेळगावात मला पहाटे जाग येते. उठून काही करायचं नसतं. तिकडे तो हँडल ओढत असतो.